चिंतनवहीला गुण देऊ नका आणि ती मराठीत लिहू द्या : नर्सिंग महाविद्यालयांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील नर्सिंग महाविद्यालयांच्या प्राचार्या, अध्यापक आणि क्लिनिकल इन्स्ट्रक्टर,
तसेच परिचर्या शिक्षणाचा अभ्यासक्रम आणि मूल्यमापन ठरवणारे सर्व सन्माननीय सदस्य

सविनय नमस्कार.

मी सव्वीस वर्षे या व्यवसायात आहे. त्यांतली पहिली अकरा वर्षे वॉर्डात पाळ्या करण्यात गेली आणि पुढची पंधरा विद्यार्थ्यांना वॉर्डात घेऊन शिकवण्यात. हे पत्र एका साध्या वहीबद्दल आहे. परीक्षक म्हणून मी ज्या ज्या महाविद्यालयांत जाते, तिथे आता लॉगबुक, केस स्टडी आणि केअर प्लॅनच्या फायलींबरोबर 'रिफ्लेक्टिव्ह जर्नल' म्हणजे चिंतनवही नावाची एक फाईलही टेबलावर मांडलेली असते. विद्यार्थ्यांनी स्वतःच्या कामाकडे मागे वळून पाहावे असे आपल्याला वाटू लागले, याचा मला मनापासून आनंद आहे. पण ती फाईल उघडली की हा आनंद टिकत नाही, आणि तो का टिकत नाही हे आपल्यासमोर मांडणे मला माझे कर्तव्य वाटते.

ती फाईल बहुधा सबमिशनच्या आदल्या आठवड्यात तयार झालेली असते. पारदर्शक कव्हर, स्केचपेनने काढलेली चौकट, आणि आत इंग्रजीत सहा मथळे : काय घडले, काय वाटले, काय चांगले झाले नि काय वाईट, त्याचा अर्थ काय, निष्कर्ष काय, पुढे काय करीन. हे मथळे ब्रिटिश शिक्षणतज्ज्ञ ग्रॅहम गिब्ज यांनी १९८८ साली मांडलेल्या चिंतनाच्या चक्रातले आहेत आणि त्यांत गैर काहीच नाही. गैर हे आहे की, त्यांच्याखालचा मजकूर एकाच मुलीने लिहिलेला आणि बाकीच्यांनी उतरवून घेतलेला असतो. एका तुकडीत मी अकरा फायली पाहिल्या, ज्यांत एकाच शब्दाचे स्पेलिंग एकाच पद्धतीने चुकले होते. त्या मुलांना मी दोष देत नाही. गुणांसाठी मागितलेली प्रत्येक गोष्ट गुण मिळतील अशीच लिहिली जाते.

ज्यासाठी ही वही आहे, ते क्लिनिकल जजमेंट, म्हणजे रुग्णाजवळची निर्णयशक्ती, नेमके काय असते, हे पाठ्यपुस्तकातल्या व्याख्येपेक्षा मी घडलेल्या प्रसंगातून सांगते, कारण मला ते तसेच कळले.

नोकरीच्या तिसऱ्या वर्षी स्त्रियांच्या शस्त्रक्रिया वॉर्डात माझी रात्रपाळी होती. दुपारी गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया झालेल्या एक बाई अकराच्या सुमारास पाणी मागू लागल्या. पाणी द्यायचे नव्हते, म्हणून मी ओल्या गॉजने त्यांचे ओठ पुसले. साडेबाराला त्या चुळबुळ करू लागल्या, उठून बसायला बघू लागल्या आणि म्हणाल्या, "सिस्टर, मला कसंतरीच होतंय हो." मी नाडी पाहिली, १०८. बीपी ११०/७०. ड्रेसिंग कोरडे होते. ऑपरेशननंतर दुखणारच, असे म्हणून मी लिहून ठेवलेले इंजेक्शन दिले आणि केस पेपरवर 'पेशंट रेस्टलेस, इंजेक्शन गिव्हन ॲज पर ऑर्डर' अशी नोंद केली. दीड वाजता नाडी १२० झाली होती. पण बीपी अजूनही तसेच असल्यामुळे मी स्वतःची समजूत घालत राहिले. सव्वातीनला मी त्यांच्याजवळ गेले तेव्हा त्यांना दरदरून गार घाम सुटला होता, बीपी ८०/५० होते आणि लघवीच्या पिशवीत रात्री दहापासून चाळीस मिलिलिटरसुद्धा जमले नव्हते. पोटात आतल्या आत रक्तस्राव होत होता. त्यांना पुन्हा थिएटरमध्ये नेले, रक्तवाहिनी बांधली, रक्त चढवले. त्या वाचल्या आणि बाराव्या दिवशी घरी गेल्या.

मला कोणी रागावले नाही. केस पेपरनुसार माझे काही चुकलेही नव्हते : दर तासाची नोंद होती, इंजेक्शन वेळेवर दिले होते, बीपी पडल्याबरोबर डॉक्टरांना बोलावले होते. पण सकाळी खोलीवर आल्यावर झोप येईना, म्हणून जुन्या डायरीच्या कोऱ्या पानांवर मी रात्रभर काय काय पाहिले ते वेळेच्या क्रमाने लिहीत गेले. तिसऱ्या पानावर माझ्याच हातून एक वाक्य उतरले : 'साडेबाराला चादर सारखी करताना बाईंचे पाय गार लागले होते, म्हणून मी दुसरे ब्लँकेट आणून घातले.'

ते वाक्य लिहीपर्यंत मी असे समजत होते की मला काही दिसलेच नाही. प्रत्यक्षात मला सगळे दिसले होते. तहान दिसली होती, चुळबुळ दिसली होती, गार पाय तर हाताला लागले होते. शरीर रक्त गमावू लागले की नाडी आधी वाढते, हातपाय गार पडतात, तहान लागते आणि बीपी मात्र बराच वेळ तग धरून राहते, हे मला परीक्षेत लिहिताही आले असते. सकाळी शस्त्रक्रियेपूर्वी त्याच बाईंचे बीपी १३०/८० होते, तेही त्याच कागदावर होते. तरी गार पायांचा अर्थ मी 'थंडी' असा लावला आणि ब्लँकेट घातले. माझी चूक निरीक्षणात नव्हती, अर्थ लावण्यात होती. हा फरक मला केस पेपरने सांगितला नसता, इनचार्ज सिस्टरनेही सांगितला नसता, कारण ब्लँकेटची नोंद कुठेच नव्हती. तो मला माझ्याच लिहिण्याने सांगितला. पुढे दीड वर्षाने एका सिझेरियननंतरच्या बाईंचे पाय असेच गार लागले तेव्हा बीपी उत्तम असतानाही मी डॉक्टरांना झोपेतून उठवले, आणि ते उठवणे योग्य ठरले.

अमेरिकेतील परिचर्या-शिक्षणतज्ज्ञ क्रिस्टीन टॅनर यांनी २००६ साली जवळजवळ दोनशे अभ्यासांचा आढावा घेऊन परिचारिका रुग्णाजवळ विचार कसा करते याची मांडणी केली. त्यांच्या मते या विचाराचे चार भाग असतात : लक्षात येणे, अर्थ लावणे, कृती करणे आणि त्या कृतीकडे पाहणे, म्हणजे करत असतानाही आणि करून झाल्यावरही. ही मांडणी मी बरीच नंतर वाचली आणि वाचताना मला माझी डायरीची पाने आठवली. त्या आढाव्यातले दोन निष्कर्ष मला फार मोलाचे वाटतात. एक असा की, परिचारिकेचा निर्णय समोरच्या आकड्यांपेक्षा ती स्वतः त्या प्रसंगात काय घेऊन येते, यावर अधिक अवलंबून असतो. दुसरा असा की, मागे वळून पाहण्याची सुरुवात बहुधा कुठेतरी काहीतरी बिनसल्यावर होते. म्हणजे जी वही फक्त यशाच्या गोष्टी मागते, किंवा चूक लिहिली तर गुण कापले जातील अशी भीती घालते, ती वही आपल्या कामाच्या मुळावरच घाव घालते.

आता माझ्या एका विद्यार्थिनीच्या वहीतला उतारा देते. तिची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. ती दुसऱ्या वर्षात होती, पुरुषांच्या मेडिकल वॉर्डात पोस्टिंग होते, आणि तिच्याकडे मधुमेहाचे एक वृद्ध रुग्ण होते. तिने लिहिले होते : 'बाबा रोज मी आले की आलीस का गं पोरी म्हणतात. आज भिंतीकडे तोंड करून पडले होते. मी हाक मारली तर बोलले नाहीत. काल मुलगा आला नाही म्हणून रागावले असतील असं वाटलं. मी शेजारच्या बेडची चादर बदलायला गेले. परत आले तर त्यांच्या सदऱ्याची कॉलर भिजलेली. नाव विचारलं तर भलतंच सांगायला लागले. मी सिस्टरांना बोलावलं. शुगर ४६ निघाली. सकाळी साडेसातला इन्सुलिन दिलं होतं आणि नाश्ता नऊ वाजले तरी आला नव्हता. शिरेतून ग्लुकोज दिल्यावर दहा मिनिटांनी बाबा म्हणाले, चहा आला का.'

फाईल तपासणाऱ्याने या पानावर 'गुड' लिहून सही केली असती. मी समासात एकच प्रश्न लिहिला : घाम तुला पहिल्यांदा कधी दिसला? पुढच्या आठवड्यात त्याखाली तिचे उत्तर आले : 'मॅडम, घाम मी पहिल्यांदा गेले तेव्हाच होता कपाळावर. वॉर्डात उकडत होतं म्हणून मी पंखा मोठा केला.'

तो घाम उकाड्याचा नव्हता, साखर फार उतरल्याचा होता. माझे ब्लँकेट आणि तिचा पंखा. दोघींनी पाहिले ते बरोबर पाहिले, आणि दोघींनी वत्सलपणे चुकीचा अर्थ लावला. तिला तो विसाव्या वर्षी एका प्रश्नाने कळला. माझ्या बाबतीत मात्र तो कळायला एका बाईंना दुसऱ्यांदा थिएटरमध्ये जावे लागले. या वहीचे काम मला यापेक्षा नेमके सांगता येणार नाही. शिवाय त्या पानात आणखी एक गोष्ट आहे, जी कुठल्याही चार्टवर येत नाही : ते बाबा रोज काय म्हणतात हे तिला ठाऊक होते, म्हणूनच ते आज बोलले नाहीत हे तिला खटकले. रुग्णाची रोजची रीत ओळखीची असणे हा निर्णयशक्तीचा पाया आहे, आणि विद्यार्थ्याला ती ओळख होते आहे की नाही हे फक्त त्याच्या स्वतःच्या शब्दांतल्या लिखाणातच दिसते.

स्वतःच्या शब्दांत, हे मी मुद्दाम म्हणते आहे. माझी आपल्याला सर्वांत आग्रहाची विनंती हीच आहे की, ही वही मराठीत लिहू द्या. ज्याची मातृभाषा हिंदी, कोकणी, कन्नड किंवा मल्याळम असेल त्याला त्या भाषेत लिहू द्या, आणि वाचणारी व्यक्ती शोधा. बी.एस्सी. नर्सिंगची पुस्तके इंग्रजीत आहेत, परीक्षा इंग्रजीत आहेत, आणि ते तसेच राहावे याला माझा काही विरोध नाही. पण ज्या मुलीने बारावीपर्यंत मराठीत विचार केला, तिला 'मागे वळून बघ' असे सांगून हातात इंग्रजी देणे म्हणजे तिचा हात धरून तिला दुसरीकडेच नेणे आहे. ती जे येते ते लिहिते, जे घडले ते लिहीत नाही. 'सायकॉलॉजिकल सपोर्ट गिव्हन' हे वाक्य आपण प्रत्येक फाईलमध्ये वाचले असेल. एका मुलीला मी म्हटले, हेच मराठीत लिही. तिने बराच वेळ विचार करून लिहिले : 'मी त्यांचा हात धरून उभी राहिले. काय बोलावं ते सुचेना. त्याच बोलू लागल्या.' या तीन वाक्यांत शिकवण्यासारखे कितीतरी आहे, आणि त्या इंग्रजी वाक्यात काहीच नाही.

भाषेचा प्रश्न केवळ विद्यार्थ्याच्या सोयीचा नाही, तो निदानाच्या जवळ जाणारा आहे. आपला रुग्ण नुसते 'दुखते' असे कधीच म्हणत नाही. कळ येते, ठणका लागतो, चमक मारते, आग होते, मुरडा येतो, मुंग्या येतात, जडावल्यासारखे होते, ओढ लागते. येऊन येऊन जाणारी कळ आणि सतत लागलेला ठणका यांत फरक आहे. इंजेक्शनच्या जागी ठणका म्हटला की पू धरतो आहे का ते पाहावे लागते, पायात चमक म्हटले की विचार वेगळ्या दिशेने जातो. इंग्रजी नोंदीत या सगळ्याचे 'कंप्लेंट्स ऑफ पेन' होते आणि फरक पुसला जातो. खेड्यातून आलेल्या आजी छातीत दुखते असे क्वचितच म्हणतात, त्या म्हणतात, "पित्त वर आलंय," किंवा "जीव घाबरा होतोय." वृद्धांमध्ये, स्त्रियांमध्ये आणि मधुमेह असलेल्यांमध्ये हृदयविकाराचा झटका छातीतल्या नेहमीच्या कळेशिवाय येऊ शकतो हे आपण वर्गात शिकवतो. पण तो झटका मराठीत कोणत्या शब्दांनी बोलतो, हे आपल्याला कोण शिकवणार? ज्या मुलीने वहीत आजींचे वाक्य जसेच्या तसे लिहून ठेवले, तिला पुढच्या वेळी 'पित्त' ऐकताच ईसीजीची आठवण होईल.

गुणांबद्दल. मी पाच वर्षे या वहीला दहापैकी गुण दिले आणि पाच वर्षे खोटी पाने वाचली. मग एका तुकडीला सांगितले की पाने मोजली जातील, मजकुराला गुण नाहीत. आठवड्याला एक नोंद आली की काम पूर्ण. पहिल्या महिन्यात काही मुलांनी चार ओळींत आटोपले. दुसऱ्या महिन्यात एकाने लिहिले की, टीपीआर चार्टसाठी (ताप, नाडी आणि श्वसनाच्या नोंदीचा तक्ता) तो रेस्पिरेशन कधीच मोजत नाही, सगळ्यांपुढे २० लिहितो, कारण सगळेच लिहितात.

ते पान वाचून मी बराच वेळ तशीच बसून राहिले. आपण सर्वांनी ते चार्ट पाहिले आहेत. तापाचा आकडा बदलतो, नाडीचा बदलतो, आणि श्वसनाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत २०, २०, २०. श्वसनाचा वेग हा रुग्ण खालावू लागल्याची खूण सर्वांत आधी देणाऱ्या गोष्टींपैकी एक आहे, आणि तो पूर्ण मिनिटभर मोजल्याशिवाय कळत नाही. इतकी वर्षे मी तो कसा मोजावा हे शिकवत होते आणि तो मोजला जात नव्हता, हे मला कोणत्याही प्रात्यक्षिक परीक्षेने सांगितले नाही. परीक्षेत सगळे मोजतात. ते मला गुण नसलेल्या एका पानाने सांगितले. त्या मुलाला मी रागावले नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही दहाही जणांनी आपापल्या रुग्णाजवळ उभे राहून मिनिटभर श्वास मोजले आणि आकडे एकमेकांना सांगितले. एका रुग्णाचे ३२ निघाले. चार्टवर सकाळचे २० होते.

मूल्यमापन नकोच असे मी म्हणत नाही. अमेरिकेतीलच परिचर्या-शिक्षिका कॅथी लासाटर यांनी २००७ साली टॅनर यांच्या त्याच चार भागांवर अकरा निकषांचा एक तक्ता तयार केला. विद्यार्थ्याशी बोलताना तो मला फार उपयोगी पडतो, कारण 'तुझे कुठे अडते' हे सांगायला दोघांकडे समान शब्द असतात. निर्णयशक्तीची परीक्षा घ्यायची तर ती अशा साधनांनी, प्रत्यक्ष प्रसंग उभा करून घ्यावी. वही ही सरावाची जागा आहे, आणि सरावाच्या जागी परीक्षक उभा राहिला की सराव थांबतो.

याहून गंभीर गोष्ट सुरक्षिततेची आहे. एका संस्थेत, जिचे नाव मी घेणार नाही, एका मुलीने वहीत प्रामाणिकपणे लिहिले की अँटिबायोटिकचा डोस तिच्याकडून दोन तास उशिरा गेला. ते पान शिक्षिकेने वॉर्डाच्या इनचार्जना दाखवले, तिथून ते मेट्रनच्या, म्हणजे मुख्य परिचारिकेच्या, टेबलावर गेले आणि त्या मुलीला सगळ्या वर्गासमोर माफी मागावी लागली. मी तिथे बाहेरून आलेली परीक्षक होते. त्यानंतरच्या सगळ्या वह्यांत सगळ्यांचे सगळे डोस वेळेवर गेले होते. औषधाची चूक झाली तर ती त्याच क्षणी सिस्टरना आणि डॉक्टरांना सांगितली पाहिजे, तिची रीतसर नोंद झाली पाहिजे, यात तडजोड नाही. वही हा त्या नोंदीला पर्याय नाही. पण नोंद करून झाल्यावर 'मला त्या वेळी काय सुचत होते' हे जिथे लिहायचे, ती जागा चौकशीच्या फाईलला जोडली जाता कामा नये. हा नियम आपण लेखी करावा आणि विद्यार्थ्यांना पहिल्या दिवशी वाचून दाखवावा. दुसऱ्या बाजूने रुग्णाचेही संरक्षण हवे : वहीत नाव नको, बेड नंबर नको, गाव नको, तारीख नको, आणि पानाचा फोटो कोणत्याही व्हॉट्सॲप ग्रुपवर जाता कामा नये.

हे सगळे आदर्शवादी आहे, इतके वाचायला वेळ कोणाला आहे, असे आपल्यापैकी काहीजण म्हणतील, आणि त्यांचा थकवा मला ठाऊक आहे. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक असतो. एका पानाला सहा मिनिटे धरली तर आठवड्याला एक तास होतो. शेरा लिहायचा नाही, शुद्धलेखन तपासायचे नाही, उपदेश तर मुळीच करायचा नाही. समासात एक प्रश्न लिहायचा आणि वही परत द्यायची. जिथे निकषाइतके शिक्षक नाहीत तिथे पंधरवड्याला एक नोंद मागावी. सध्या केस स्टडीच्या ज्या जाडजूड फायली आपण वाचल्यासारखे करून सह्या करतो, त्यांतल्या दोन कमी केल्या तरी हा तास मिळतो. हे मी करून पाहिले आहे, म्हणून म्हणते.

तो प्रश्न विचारणे मात्र सोपे नाही आणि ते शिक्षकांना शिकवावे लागेल. 'तुला काय वाटले' असे विचारले की सगळे 'वाईट वाटले' लिहितात. 'त्याआधी काय पाहिलेस', 'दुसरे काय असू शकले असते', 'डॉक्टरांना बोलवावे असे वाटून थांबलीस का, आणि थांबलीस तर कशामुळे' असे विचारले की वेगळी उत्तरे येतात. या शेवटच्या प्रश्नाने तर वॉर्डाची सगळी रीतभात कागदावर येते : कोणते डॉक्टर रात्री उठवल्यावर ओरडतात, कोणत्या सिस्टरना विद्यार्थ्याने बोललेले चालत नाही, नातेवाइकांच्या गर्दीत कुणाचा आवाज दबतो. निर्णय एकट्या मुलीच्या डोक्यात होत नाही, तो या सगळ्यातून वाट काढत होतो, आणि आपण तिला ती वाट दाखवायची तर आधी ती आपल्याला दिसली पाहिजे. म्हणून शिक्षकांनीही लिहावे असे मी सुचवते. ब्लँकेटचे पान मी दर तुकडीला पहिल्या आठवड्यात वाचून दाखवते. मॅडमचेही चुकले होते हे ऐकल्यावर मुले लिहू लागतात.

ब्रिटनमध्ये एप्रिल २०१६ पासून प्रत्येक नोंदणीकृत परिचारिकेला दर तीन वर्षांनी नोंदणी पुढे चालू ठेवताना स्वतःच्या कामावर चिंतनाच्या पाच लेखी नोंदी कराव्या लागतात आणि त्यांवर दुसऱ्या नोंदणीकृत सहकाऱ्याशी चर्चा करावी लागते. त्या नोंदींत रुग्णाची ओळख पटेल असे काही असता कामा नये असा तिथे दंडक आहे. आपल्याकडून तिकडे नोकरीला गेलेल्या माझ्या दोन विद्यार्थिनींनी मला कळवले की, पहिल्या वेळी काय लिहावे ते त्यांना सुचत नव्हते. तिथली पद्धत जशीच्या तशी उचलावी असे मला वाटत नाही, कारण नोंदणीशी जोडलेले लिखाणही कोरडे होऊ शकते. पण तिथे हे काम चाळीस वर्षांचा अनुभव असलेल्या सिस्टरनेही करायचे असते, ही गोष्ट घेण्यासारखी आहे. आपल्या वॉर्डांत अशा सिस्टर आहेत ज्या दारातून रुग्णाकडे पाहून म्हणतात, "हा पेशंट मला बरा दिसत नाही, लक्ष ठेवा," आणि त्यांचे खरे ठरते. का, असे विचारले तर त्यांना सांगता येत नाही. अमेरिकन परिचर्या-अभ्यासक पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ साली नवशिक्या परिचारिकेपासून तज्ज्ञ परिचारिकेपर्यंतच्या ज्या पाच पायऱ्या सांगितल्या, त्यांतल्या शेवटच्या पायरीवरचे ज्ञान असेच असते, हातात मुरलेले आणि शब्दांत न आलेले. ती सिस्टर निवृत्त झाली की ते ज्ञानही तिच्याबरोबर जाते. विद्यार्थ्यांच्या वहीतल्या एखाद्या प्रसंगावर अशा सिस्टरना पंधरा मिनिटे बोलायला बोलावले, तरी त्यातले काहीतरी मागे राहील.

२०२१ च्या सुधारित अभ्यासक्रमाने बी.एस्सी. नर्सिंगला सत्र पद्धत आणि क्षमताधारित शिक्षण आणले आहे, त्यामुळे यासाठी नवा विषय किंवा नवी परवानगी लागेल असे मला वाटत नाही. क्लिनिकल पोस्टिंगच्या शेवटी पंधरा मिनिटे, शंभर पानी एक वही आणि वर सांगितलेले नियम एवढ्यावर हे सुरू करता येईल. ज्या महाविद्यालयांना माझ्या विद्यार्थ्यांनी परवानगी दिलेली, ओळख काढून टाकलेली पाने पाहायची असतील, त्यांच्याकडे मी स्वखर्चाने एक दुपार यायला तयार आहे. आणि पुढच्या सत्रात कोणी सुरुवात करणार असेल तर पहिल्या नोंदीचा विषय मी सुचवते : आज तुझ्या रुग्णाचे श्वसन पूर्ण मिनिट मोजलेस का, किती आले, आणि चार्टवर किती लिहिले होते.

आपली नम्र,
वॉर्डात शिकवणारी एक परिचारिका